खणखणीत दात

अप्पा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षे झाली. मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी पत्रात चूक राहू देत नाही, हे तुम्ही जाणता. आज मात्र चुकीविषयीच लिहावयाचे आहे. जुन्या हुबळीतील आपल्या भांड्यांच्या दुकानात तुम्ही मला शिकविलेत की, वस्तू द्यावयाची ती घासूनपुसून आणि घ्यावयाची ती बोटाने वाजवून. खणखणीत वाजली तर निर्दोष, बद्द वाजली तर तडा. एकदा मी डाग राहिलेली घागर गिऱ्हाइकापुढे ठेवली, तेव्हा सर्वांदेखत तुम्ही म्हणालात, "असली वस्तू देणाऱ्याचे हातच आधी घासायला हवेत." ते बोलणे मी जन्मभर विसरलो नाही.

माझी नात नऊ वर्षांची असताना पळत येताना दुकानाच्या पायरीवर पडली आणि तिचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला. मी तो मातीतून उचलला. मुळावर लालसर, ओलसर साल होती. ती मला घाण वाटली. नळाखाली धरून, साबण लावून, काथ्याने घासून मी ते मूळ शुभ्र केले, कोरड्या फडक्यात गुंडाळले आणि बसने तिला धारवाडला, ओळखीच्या दंतवैद्य बाईंकडे नेले. बाईंनी फडके उघडून मूळ उजेडात धरले. "अज्जा, हा घासला कोणी?" मी म्हणालो, "मातीत पडला होता." "पडू दे की. पाण्यात नुसता बुचकळून लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात टाकून आणायचा. ती साल जिवंत असते." त्यांनी दात बसविला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, पुढे मुळात औषधही भरले.

वर्षभराने बाई तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांडीने एकेक दात वाजवून पाहतात. बाकीचे बद्द वाजतात, तो एकटा खणखणीत. मला अभिमान वाटतो. "उत्तम नाद आहे," मी म्हणतो. "हाच नाद वाईट, अज्जा. साल गेली, म्हणून हाड थेट मुळाला चिकटलंय. आता हाडच ते मूळ खात जाणार. दुखणार नाही, पण थांबवायला औषधही नाही."

प्रत्येक एक्स-रेत मूळ आखूड होत गेले. नात वाढली, तो दात मात्र शेजारच्यांपेक्षा वरच राहिला. "अज्जा, मी किती वाढले ते मोजायला तुझ्या दुकानातलं मापटं बसलंय माझ्या तोंडात," असे ती म्हणे आणि हाताआड हसे. काल बाईंनी तो हिरडीच्या आतून कापला. उरलेले मूळ, हाड खचू नये म्हणून, आतच ठेवले. तुमची शिकवण मी कधीही मोडली नाही, अप्पा. त्या दिवशी मोडली असती तर दात वाचला असता. परतताना बसमध्ये तिने विचारले, "मी पळाले नसते तर राहिला असता ना, अज्जा?"

मी "हो" म्हणालो.

खरे सांगणारे हे पत्र आधी तिलाच लिहायला घेतले होते; पहिल्या कागदावर तिचेच नाव घातले होते. तो फाडला आणि ह्यावर तुमचे घातले.