म्हैसूरचा तांबडा मोर

आत्याबाई, तुम्ही जाऊन वीस-बावीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला पत्र घालते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच, म्हणून मी सांगते आणि माझी सून लिहिते. ती सोलापूरची. आपली तंजावरची मराठी ऐकून आधी पदराआड हसायची, आता समोरच हसते. सुनेने सासूला लिहायचं, आणि तेही आपल्या सुनेच्या हाताने, असा हा कारभार. तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं, ते खोटं होतं हे कबूल करायचं राहिलं. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी राहिलंच.

रशियाने निलगिरीचा चहा घ्यायचं थांबवलं आणि मळ्यातल्या कारकुनांना घरी पाठवलं, त्यात तुमचा मुलगा. दोन ट्रंका आणि एक प्रेशर कुकर घेऊन आम्ही तुमच्या दारात उभे. तुम्ही ट्रंका बघितल्यात, मुलाचं तोंड बघितलंत आणि म्हणालात, "हातपाय धुवा, कॉफीचं डिकॉशन उतरलंय." दुसरं काही विचारलं नाहीत. तो जो झोपाळ्यावर बसला तो वर्षभर उठला नाही. पेपर पुढून वाचायचा, मग मागून वाचायचा. पापनाशमच्या जमिनीच्या तुकड्याचं भात यायचं म्हणून ताटात भात होता. भातावर काय वाढायचं हा प्रश्न माझा आणि तुमचा.

मळ्यावरच्या एका म्हाताऱ्या वॉचरकडून मी एक काम शिकले होते. डोंगरातल्या थंड ओढ्यात साहेबलोक जो मासा धरतात तो गांडुळाला भुलत नाही, त्याला माशी लागते. खरी माशी गळावर टिकत नाही, म्हणून पिसांची आणि रेशमाची नकली बांधायची. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा गळ, त्यावर पोट, पंख, मान, सगळं. उटीच्या दोन दुकानांना असल्या माश्या हव्या होत्या. मी म्हटलं, इथून पार्सल करीन. तुमच्या मुलाने पत्ता लिहिला. त्या वर्षातलं त्याचं ते पहिलं काम.

अडचण पिसांची. माशीच्या मानेभोवती जे केस उभे राहतात ते कोंबड्याच्या मानेच्या पिसाचेच लागतात. आणि तुमचं घर असं, की कांदासुद्धा विचारून आत यायचा. मी कीळवासलच्या कोंबडीवाल्याकडून तांबडी पिसं आणली, शिकेकाईने तीनदा धुतली, हळदीच्या पाण्यातून काढली आणि गच्चीवर तुमच्या वडामांशेजारी, म्हणजे तांदळाच्या पापड्यांशेजारी, वाळत घातली. तुम्ही काठी घेऊन कावळे हाकत बसला आहात.

"हे काय गो?"

"मोराची पिसं, आत्याबाई."

"मोर तांबडा?"

"म्हैसूरचे मोर तांबडे असतात."

तुम्ही पिसांकडे बघता, मग माझ्याकडे. "राजाचं गाव," म्हणता. "असतील." आणि माझ्या पिसांवर टपलेला कावळाही हाकलता.

पहिलं पार्सल परत आलं. डोकी सुटतात, शेवटची गाठ ढिली, असं दुकानदाराने लिहिलं होतं. तुमच्या मुलाने ते मोठ्याने वाचलं, जरा जास्तच मोठ्याने. मी पाटाला कसलेल्या चिमट्यात गळ धरून रडवेली बसले होते. तुम्ही आलात, वाकून बघितलंत. "मल्लीची फुलं बांधताना गाठ कुठे मारतो आपण? फास टाकायचा, बोटाखाली दाबायचा, ओढायचा. तो आपलाच आपल्याला धरून बसतो." आणि केळीच्या सोपटाने आयुष्यभर गजरे बांधलेल्या त्या बोटांनी तुम्ही रेशमाचे तीन फास टाकलेत. मी नखाने ओढून बघितलं. सुटेना.

"यात मासा मरतो?" तुम्ही विचारलंत.

"साहेबलोक धरतात आणि परत सोडतात म्हणे."

"मग धरतात कशाला?"

मी पुढचा गळ चिमट्यात धरला.

त्या दिवसापासून जेवणं झाली की तुम्ही माझ्यासमोर. रेशीम सोवळं, मोर देवाचा, लोखंडाला विटाळ नाही, असा हिशेब तुम्हीच जुळवलात. मी बांधायची, शेवटचे फास तुमचे. चार वाजले की तशाच उठून देवापाशी. कोंबड्याची पिसं हाताळलेल्या बोटांनी तुम्ही वात सारता आहात आणि मी उंबऱ्यातून बघते आहे. आज सांगू, उद्या सांगू. पण दुकानदार आता अधिक माश्या मागू लागला होता, आणि तुम्ही उठून गेलात तर माझी डोकी पुन्हा सुटणार. 

मग मला ताप आला, तीन आठवडे मी बाजारात गेले नाही. तो कोंबडीवाला भला माणूस, मोपेडवरून घरीच आला. दार तुम्ही उघडलंत. मी आत तांदळाच्या पिंपामागे. तो तमिळमध्ये सांगतो आहे, "अम्मा, सुनेला सांगा, तांबड्या कोंबड्याच्या माना आणल्यात. या खेपेला पिसं लांब आहेत."  झोपाळ्याची कडी थांबली. मग ऐकू आलं, "पायरीवर ठेव. आणि पुढच्या वेळेस मागच्या दाराने ये."

तुम्ही विहिरीवर गेलात. मला वाटलं, संपलं. आता माझ्या हातचं पाणी नाही, स्वयंपाकघराचा उंबरा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जुनं सुती लुगडं नेसून आलात, पाटाशी बसलात, हात पुढे केलात. "दे तो मोर."

त्यानंतर रोज चार वाजता दुसरी अंघोळ, मग दिवा. मार्गळीच्या थंडीतसुद्धा. मुलाने विचारलं तर म्हणायचात, "उकडतंय." कधी फास टाकता टाकता थांबून मला विचारायचात, "काही म्हणालीस का गो?" मी म्हणायची, "नाही." तुम्ही फास ओढायचात.

दोन वर्षं असं चाललं. मग बाहेरच्या मालाला दारं उघडली, उटीच्या दुकानात परदेशी माश्या पाकिटातून येऊ लागल्या आणि आमची पार्सलं बंद झाली. तोवर तुमचा मुलगा झोपाळ्यावरून उठला होता, तिरुवैयारुच्या भातगिरणीत लागला होता. पुढच्या वर्षी तुम्ही दुपारच्या झोपेतच गेलात. मी सगळ्यांना सांगत आले, आत्याबाईंनी मला सांभाळून घेतलं. खरंच घेतलंत.

पण चार वाजता रहाट करकरायचा तेव्हा मी कुठे असायची? तिथेच, पिसं निवडत. सत्तरी उलटलेल्या तुम्ही, खोल गेलेलं पाणी, चार-पाच कळश्या. माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालणार नाही, असं मी मनाशी म्हणायची. सकाळच्या अंघोळीचं पाणी मात्र रोज मीच काढत होते, आणि ते तुम्हाला चालत होतं. दुपारचं काढायला उठले असते तर कशासाठी उठले ते बोलावं लागलं असतं. म्हणून बसून राहिले, दोन वर्षं.

हे पत्र काही कुठे जायचं नाही. आणि हे पाण्याचं लिहू नको म्हणून मी सुनेला सांगितलंय. ती मान हलवते आहे, पण पेन थांबलेलं दिसत नाही. लिहिलं की नाही, मला काय कळणार.