मॅडमचा चार्ज कोणाकडे

मी, दौलतराव गोविंदा शिवणकर, वय बहात्तर, मूळचा आमगाव तालुक्यातला, जिल्हा गोंदिया, हल्ली मुक्काम कुरुद, भिलाई, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या ओसरीत बसून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही, पण कायद्याला डोके पुरते असे वकीलसाहेबांनी सांगितले. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि काही पाजलेलेही नाही.

वकीलसाहेबांचे म्हणणे होते की कागद हिंदीत करू, कचेरीत सोपे जाते. मी म्हटले, आमच्या घरातली सगळी भांडणे मराठीत झाली, तर वाटणीही मराठीतच होऊ द्या. हिंदी तर्जुमा ते मागे जोडतील.

पुढच्या महिन्यात रायपूरला माझ्या छातीची चिरफाड आहे. परत आलो तर हा कागद पेटीत पडून राहील. नाही आलो तर मागे एक घर, थोडी जमा, काही सामान आणि मॅडम राहील. पहिल्या तिन्हींची मला काळजी नाही, ती आपोआप कोणीतरी उचलतेच. मॅडम आजारी आहे. तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम १. घर. कुरुद येथील माझे राहते घर, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाली, उत्तरेस अंजनाबाई ढोमणे यांचे घर, दक्षिणेस बाबुलाल यांचे घर व त्यांची नाराजी, हे माझा मुलगा भूषण आणि मुलगी हर्षा यांना निम्मे निम्मे मिळावे. भूषण पुण्याला आहे, त्याला विकायचे असेल तर आधी हर्षाला विचारावे. मॅडम जिवंत असेपर्यंत ओसरी तिची. तिथल्या फरशीवर डाग आहेत, ते घासून जात नाहीत, मी घासून पाहिले आहेत. फरशी बदलण्याची घाई करू नये.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचे देणे भागवावे, मग मॅडमच्या औषधपाण्याचे बाजूला काढावे, उरेल ते दोन्ही लेकरांनी सारखे घ्यावे. यावरून भांडण झाले तर मी वरून पाहतो आहे असे समजावे.

कलम ३. पान्यांची पेटी जावई रूपेश यास. तो हातांनी काम करणारा माणूस आहे, बोलतो कमी आणि नळ गळू देत नाही. माझी पत्नी कै. शकुबाई हिचा पाणी भरायचा पितळी गुंड तिची धाकटी बहीण पंचफुला हिला द्यावा, शकुबाईने तसे सांगून ठेवले होते. पंचफुलाने मॅडमवर जे उपचार केले त्याचे पुढे येईल, पण गुंड द्यावाच. शेजारी बाबुलाल यांना माझ्या इस्टेटीतून फिनाईलची एक बाटली, सीलबंद. वासाची तक्रार त्यांनी वॉर्डाच्या माणसाकडे करण्याऐवजी मला येऊन सांगितली असती तर दोन दिल्या असत्या.

कलम ४. मॅडम. वर्णन असे: कुत्री, मादी, गावठी, रंग तांबूस, उजवा कान मोडलेला, वय तेराच्या आसपास. शकुबाईने कॅम्प-१ वस्तीच्या बाजारातून भाजीच्या पिशवीत घालून आणली. ओसरीत पुढचे पाय जुळवून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असे पाहायची की माणूस आपोआप शर्टाचे बटन लावी. म्हणून नाव मॅडम. शकुबाई गेली तेव्हा तिने काही दिवस खाल्ले नाही आणि मीही नाही. मग एका सकाळी ती भाकरीच्या डब्यापाशी जाऊन बसली, तेव्हा मला चूल पेटवावी लागली.

वकीलसाहेब म्हणतात, कायद्याने कुत्री ही मालमत्ता आहे, तिच्या नावे काही ठेवता येत नाही, उलट तीच कोणाच्या तरी नावे करावी लागते. मॅडमला मी हे सांगितलेले नाही.

कलम ५. आजार. हे सविस्तर लिहितो, कारण ज्याच्याकडे ती जाईल त्याला माहीत हवे.

मागच्या उन्हाळ्यात ती अंगणात पुन्हा पुन्हा बसू लागली. कुंथायची, चार थेंब, उठायची, परत बसायची. आमच्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. कोक ओव्हनवर ज्याने काम केले त्याला उन्हाळी लागली नाही असे होत नाही, भट्टीसमोर उभे राहून आम्ही सगळ्यांनी ती भोगली आणि ताक-मीठ पिऊन घालवली. तेव्हा मॅडमला पाहून जो येई तो मान हलवून एकच निदान करी. पंचफुला तर मुक्कामालाच आली. "भाऊजी, तिले उनाळी लागली. धने-जिऱ्याचं पानी पाजा, सब्जा घाला, दोन दिवसांत पाय झाडत उठते पाहा." मॅडम धने-जिऱ्याचे पाणी प्यायली, सब्जा चाटला, आणि खरेच काही दिवस बरी वाटली. मग पाऊस सुरू झाला, अंगणात चिखल झाला, आणि चिखलात लाल थेंब दिसले.

फोनवर भूषण म्हणाला, "बाबा, उनाळी पावसाळ्यात रायते का? सोनोग्राफी करून घ्या ना तिची." हे त्याने सांगितले, मला सुचले नव्हते, हे त्याच्या नावावर इथे लिहून ठेवतो.

दुर्गच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले. मूत्राशयाच्या तोंडाशीच गाठ. कॅन्सर. गाठ अशा जागी की कापायला गेले तर लघवीची वाटच कापली जाते. त्या म्हणाल्या, कापून निघणार नाही, गोळ्यांनी थोपवता येईल, काही महिने चांगले जातील. मी विचारले, उन्हाळ्यातच आणली असती तर? त्या म्हणाल्या, जागा तीच राहिली असती. त्यांनी खरे सांगितले की माझे मन राखले, मला ठाऊक नाही. मी ते खरे धरून चालतो, आणि पंचफुलाला कोणी बोल लावू नये.

कलम ६. सांभाळ कसा करावा. सूज उतरवायची गोळी रोज, पण पोट भरल्यावरच, आणि तिच्या आधी पित्ताची. उपाशी पोटी दिली तर काळी शी होते, तसे दिसले की गोळी थांबवून डॉक्टरीणबाईंना फोन. पाणी कधीही तोडू नये. ओले होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे हा शहाणपणा एका पाहुण्याने केला होता, त्याला मी उचलून ठेवणार होतो. खाली रबराचा कागद, वर शकुबाईची जुनी सुती लुगडी, चौपदरी. वर्तमानपत्र नको, ते ओले होऊन पोटाला चिकटते. मागचे पाय कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे, मग खोबरेल. घरात झाले तर ओरडू नये. ती स्वतःच मान खाली घालते, ते पाहवत नाही.

आणि मुख्य गोष्ट. ती बसली आणि एक थेंबही आला नाही, पोट तटतटले, तर वाट पाहायची नाही. ते दुखणे फार वाईट असते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले आहे, लघवी पूर्ण अडली की त्या दिवशी कायमचे झोपवण्याच्या सुईचा विचार करावा लागेल.

कलम ७. हा निर्णय कोणी घ्यायचा. इथेच सगळे अडले होते.

भूषण म्हणतो, "बाबा, ती तडफडून रायली. इतना खींचना ठीक नहीं. आताच सोडवा तिले." हर्षा दर रविवारी दुर्गहून येते, तिला पेढा चारते, रडते आणि म्हणते, "सुईचं नाव काढू नका, बाबा. जोवर खाऊन रायली तोवर जित्ती आहे ते." दोघेही तिच्यावर जीव लावून आहेत आणि दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. पण मी नसताना मॅडमची लघवी अडली, तर ही दोघे फोनवर एकमेकांना समजावत बसतील आणि ती ओसरीत कुंथत राहील. मला मरणाची भीती वाटते त्याहून याची जास्त वाटते.

कारखान्यात नियम साधा होता. कोक ओव्हनची भट्टी बंद ठेवता येत नाही, थंड झाली तर आतल्या विटा तडकतात. म्हणून रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो नाहीच आला तर त्याचीही पाळी आपणच करायची, त्याला डबल म्हणत. आणि ज्याच्या हाती चार्ज, जागेवरचा निर्णयही त्याचाच. घरून फोन करून कोणी भट्टी चालवत नाही.

आता कवडूबद्दल. कवडू माझा धाकटा भाऊ, राहणार कॅम्प-१. आम्ही दोघे एकाच विभागात होतो. सकाळी मी, दुपारी तो, तो आला की मी सुटायचो. एक्याण्णवच्या पावसाळ्यात गावाहून निरोप आला की बाबांचे काही खरे नाही. निरोप सेक्टर १० च्या आमच्या क्वार्टरवर आला, कवडू घरी होता, त्याने तसेच दुर्ग स्टेशन गाठले आणि मिळेल ती गाडी धरली. शकुबाई माहेरी होती. मी भट्टीवर त्याची वाट पाहत राहिलो, डबल केली आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांकडून कळले. गावी पोचलो तेव्हा राख सावडत होते. थोरला मी आणि अग्नी दिला धाकट्याने. तो म्हणाला, "तुले बोलवाले प्लांटात आलो असतो त गाडी सुटली असती, दादा." खरेही असेल. मी ऐकून घेतले नाही. त्यानंतर लग्नाच्या पंगतीत मीठ मागण्यापुरते आम्ही बोललो.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला मला झटका आला. हर्षा माझ्यापाशी दवाखान्यात बसली. घराची किल्ली अंजनाबाईंकडे, आणि मॅडम ओसरीत. कवडूला कोणी बोलावले नव्हते. कळले तसा तो आला, अंजनाबाईंकडून किल्ली घेतली आणि राहिला. मी परत आलो तेव्हा दोरीवर लुगडी धुऊन वाळत होती आणि मॅडम कोरडी होती. कवडूने माझ्या तब्येतीचे काही विचारले नाही. पाळी बदलताना बोलतात तसा उभ्याने बोलला. "सकाळपासून चारदा बसली. रंग फिका हाये. गोळी जेवणावर देल्ली. पानी भरपूर पेली. मागचे पाय पुसले. घे चार्ज." आणि चपला घालून निघून गेला. मी दाराशी उभा राहून त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तेव्हापासून रोज येतो.

सबब माझ्या मागे मॅडम कवडू गोविंदा शिवणकर याची. कलम २ मधले औषधपाण्याचे पैसेही त्याच्याकडे. सुई द्यायची की नाही, केव्हा द्यायची, हा अधिकार त्याच्या एकट्याचा. भूषण आणि हर्षा यांनी फोन जरूर करावा, विचारपूस करावी, पण जो तिचे पाय पुसतो त्याला हुकूम सोडू नये.

पुरवणी. वरील मजकूर लिहून झाल्यावर, नोंदणीपूर्वी, हे घडले.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी मी इथल्या दवाखान्यात गेलो होतो, मॅडमपाशी कवडू होता. छातीला लावलेल्या तारा काढून बाहेर आलो तर फाटकाशी ऑटो. आत कवडू, त्याच्या मांडीवर लुगड्यात मॅडम. सकाळपासून थेंब आला नव्हता. पोट दगड झाले होते.

मी म्हटले, "सरळ दुर्गले काऊन नाई गेला? तुले तर लिहून देल्लं होतं मी."

तो म्हणाला, "देल्लं होतं. पन तुले घेतल्याबिगर कसा जाऊ? बस लवकर, तिले सहन नाई होऊन रायलं."

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिली, गेली नाही. गाठीने वाट बुजली होती. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिले. मी कवडूकडे पाहिले, चार्ज त्याचा होता. त्याने सुईला होकाराची मान हलवली आणि मग म्हणाला, "दादा, तू हात ठेव तिच्या डोक्यावर." मी ठेवला. मॅडमने हात चाटला. मी रडलो, कवडूही रडला, आणि ऑटोवाला बाहेर मीटर बंद करून उभा राहिला. घरामागे नालीच्या अलीकडे तिला पुरले. हर्षा आली, भूषण फोनवर म्हणाला, "काकाले फोन द्या."

त्यामुळे कलम ४ ते ७ आता निकामी झाली. वकीलसाहेब म्हणाले, काढून टाकू, कागद आटोपशीर होईल. मी म्हटले, राहू द्या. औषधपाण्याचे बाजूला काढलेले पैसे दोन्ही लेकरांच्या वाट्यात मिसळावे. कवडूला त्याबदली दुसरे काही लिहून देतो म्हटले तर त्याने ऐकले नाही. "मले तेच पायजे होती. बाकी ठेव तुझ्यापाशी." आमच्या बाबांच्या वेळचे भांडण मात्र कोणालाही वारशात जात नाही. ते मिटले आहे.

सही करायच्या वेळी साक्षीदार दोन हवे होते आणि अंजनाबाई एकट्याच होत्या, म्हणून मी कवडूचे नाव सुचवले. वकीलसाहेब म्हणाले, "जिसको वसीयत में कुछ मिलता है, उसको गवाह मत रखो." कवडूने त्यांना पुन्हा विचारले, "मले काईच भेटून नाई रायलं ना याच्यात?" ते म्हणाले, कुछ नहीं. तो म्हणाला, "मंग आना पेन."

लिहून देणार: दौलतराव गोविंदा शिवणकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाराने सही केली व आम्ही त्याच्यासमक्ष केली:

१. कवडू गोविंदा शिवणकर, सख्खा भाऊ, रा. कॅम्प-१, भिलाई (सही)

२. अंजनाबाई ढोमणे, शेजारीण, रा. कुरुद (अंगठा)

ठिकाण: कुरुद, भिलाई, छत्तीसगड
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५