चूल बंद होती म्हणून

नंदाखाल, विरार पश्चिम
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

कॅथरिनबाय,

तुमचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. एडवर्डदादांना नमस्कार सांगा. बोळींज काही लांब नाही, मी चालत आलो असतो. पण तोंडावर मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि आज बोललो असतो तर आवाज चढला असता. म्हणून लिहितो.

आज रजा घेतली होती. सकाळी इशिताला आंघोळ घातली, दूध-पाव दिला, दोन वेण्या घातल्या. एक वर, एक खाली झाली. रिक्षाने संस्थेत गेलो. दुपारी परत आलो. वाडीतल्या केळींची वाळकी पानं कापली.

इशिताचं दत्तक अजून पुरं झालेलं नाही, हे तुम्ही जाणता. क्रिस्टीनाने आणि मी मिळून नाव नोंदवलं, चार वर्षं वाट पाहिली, जूनमध्ये पोर घरी आली. तेव्हा ती फक्त सांभाळायला दिलेली होती. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला की ती आमची. तो आदेश व्हायच्या आत, सप्टेंबरमध्ये, तुमची बहीण गेली. आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, असा कायदा आहे. दत्तकाच्या सरकारी ऑफिसातले एक गृहस्थ मला म्हणाले, "काका, मुलगा असता तर प्रश्नच नव्हता." जणू मी दुकानातून चुकीचा माल उचलून आणला.

त्यांच्या कागदात मी आता 'एकल पुरुष' आहे. मी एकल पुरुष नाही, कॅथरिनबाय. माझं लग्न झालं होतं. तुमचे वडील नव्हते, म्हणून तिला वेदीपर्यंत तुम्हीच आणलं होतं.

कायदा का केला असेल ते मला समजतं. जगात वाईट माणसं आहेत. पण क्रिस्टीना होती तोवर ज्या हातांत पोर दिली, ते हात ती गेल्यावर एका रात्रीत वाईट कसे झाले? हे मी त्या ऑफिसात तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

तरी दत्तक संस्थेच्या मोठ्या मॅडम भल्या होत्या. क्रिस्टीना गेल्याचं कळवलं तेव्हाच म्हणाल्या, अर्ज दोघांचा होता, घर दोघांचं पाहिलं होतं, मुलीला तुमचा लळा लागलाय. घरभेटीचा अहवाल चांगला गेला तर वरचे लोक विचार करतील. सगळं त्या भेटीवर होतं. भेटीला एक नवीन बाई आल्या, नागपूरकडच्या. दफनाला आठवडाही झाला नव्हता. मी कबरीवर मेणबत्ती लावायला गेलो होतो. दार तुम्ही उघडलं.

शेजारची व्हेरोनिका तिथेच लसूण सोलत बसली होती. तिने मला सगळं बोलणं सांगितलं.

"घरात स्वयंपाक कोण करतं?" बाईंनी विचारलं.

"स्वयंपाक? या घरची चूल आम्ही अजून पेटू दिली नाय!"

"मग मुलगी जेवते कुठे?"

"आमच्याकडे. झोपते पण आमच्याकडेच. तिच्या बापाचं काय विचारता? त्याला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नाय."

हे तुम्ही अभिमानाने बोललात, ते मला कळतं. आपल्यात मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, नातेवाईक डबे आणतात, लहान पोरांना रडारडीतून उचलून रात्री मावशीकडे नेतात. ज्या घरात असं होत नाही, त्या घराला माणसं नाहीत असं आपण म्हणतो. बाईंनी लिहिलं: घरात स्वयंपाक होत नाही, मुलगी रात्री दुसरीकडे झोपते, वडिलांचं लक्ष नाही.

त्यांनी एकच प्रश्न जास्त विचारायचा होता. चूल का बंद आहे? समोर भिंतीवर क्रिस्टीनाचा फोटो होता, त्याला ताजा हार होता, ओटीवर भाड्याच्या खुर्च्या होत्या. एवढं शिकलेल्या माणसाला हे दिसू नये? चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यापासून मीच रांधतोय. तिला बोंबील काटे काढून देतो. गेल्या महिन्यात ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ते पाहायला कुणी आलं नाही.

आणखी एक. महिन्याच्या मिस्सेनंतर तुम्ही अंगणात म्हणालात, "पोर मोठी होईल तेव्हा लोक काय बोलतील?" मी दाराआड होतो. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आताही देणार नाही. त्या प्रश्नाला उत्तर देणं हाच माझा अपमान आहे.

वर लिहिलं की दुपारी परत आलो. एकटा आलो. निर्णय होईपर्यंत मुलीने संस्थेत राहावं, असं वरून पत्र आलं आहे. इशिताला वाटलं, नवीन बालवाडी. तिने चपला स्वतः काढल्या. आत जाताना वळून म्हणाली, "पप्पा, डबा राहिला." मी म्हणालो, "आणतो." मॅडमनी दार लावून घेतलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण दार लावलंच.

सोमवारी पालघरला सुनावणी आहे. तुम्ही यायचं. माझी बाजू घेऊ नका, मला चांगला म्हणू नका. आपल्यात चूल का बंद ठेवतात ते सांगा, आणि ती तुम्ही बंद ठेवली होती, मी नाही, एवढं सांगा. घरभेटीला आलेल्या त्या बाईंसमोर सांगा.

आला नाहीत तर मी एकटा जाईन. पण मग वर्षाच्या मिस्सेला या घरी डबा घेऊन येऊ नका.

नळाला पाणी आलं आहे. पिंप भरून घेतो.

इशिताचे पप्पा,
मेलरॉय