पाषाणपुरीचा समीक्षक

२ मे १९७८, मंगळवार

आजपासून मी समीक्षक. विमा कचेरीत क्लार्क आहे, ते पोटासाठी.

विरुपाक्षने संध्याकाळी छापखान्यात बोलावून घेतलं. तो ‘रणशिंग’ साप्ताहिकाचा संपादक, मालक आणि कंपोझिटर आला नाही तर खिळे जुळवणाराही तोच. हातात एक पुस्तक ठेवलं. ‘पाषाणपुरीचा आखाडा’. लेखिका यशोदा तडवळकर, कुर्डुवाडीला शाळेत शिकवतात. मोठ्या मुलांसाठी कादंबरी, त्यातही भाग दुसरा. तळ्याखाली जादूचं शहर, तिथं मुलांच्या स्पर्धा, हरेल तो दगड. मला वाटलं होतं, माझ्या वकुबाप्रमाणे संतसाहित्यावरचं काहीतरी देईल. असो. मोठा माणूस छोट्या कामातच ओळखू येतो.

जमलं तर दर आठवड्याला माझं सदर, असं तो म्हणाला. म्हणजे ‘बघू की’ म्हणाला. विरुपाक्षचं ‘बघू की’ म्हणजे होच.

निश्चय: उद्या वाचून संपवायचं. पहिला भाग वाचलेला नाही, पण त्यामुळे दृष्टी कोरी राहते.

३ मे

वाचन सुरू. पान अकरा.

ऊन फार. पंखा लावला की पानं उडतात, बंद केला की जीव जातो. पान अकरावर तळ्याखालच्या शहराचं वर्णन आहे. ते डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून डोळे मिटले. जाग आली तेव्हा छातीवरचं पुस्तक प्रभाने नेलं होतं. बायकोला वाचनाची आवड असावी, पण दुसऱ्याचं काम चालू असताना नसावी.

५ मे

पुस्तक मिळत नाही. प्रभा स्टोव्हपाशी वाचते, नळाला पाणी येईपर्यंत वाचते, अंबुबाई शेजारून हाक मारतात तेव्हा ‘आले’ म्हणून वाचते. आमटीत मीठ नव्हतं. विचारलं तर म्हणाली, रेवाची तिसरी फेरी चाललीय. रेवा कोण, हे मी विचारलं नाही. सामान्य वाचकाकडून माहिती घेतली की समीक्षकाचं मत बिघडतं.

संध्याकाळी घरी आलो तर ती रडत होती. मला वाटलं, माहेरी वळसंगला काही झालं. तर म्हणे भुंग्या गेला. भुंग्या हा घोडा आहे. मी प्रेमाने समजावलं की कागदावरचा घोडा मरत नसतो. झोपेपर्यंत बोलली नाही. शांतता चांगली होती, वाचन झालं असतं. पण पुस्तक तिच्याकडेच.

७ मे, रविवार

दारावर पाटी लावली. ‘शरच्चंद्र माढेकर, समिक्षक’. पेंटरने ‘मी’ची वेलांटी ऱ्हस्व काढली. दीर्घ काढायला जागा उरली नव्हती म्हणाला. लोकांना अर्थ कळला म्हणजे झालं. अंबुबाईंनी लगेच विचारलं, ही कसली परीक्षा पास झालात.

पुस्तक परत मिळालं. प्रभाने विचारलं, गोष्ट सांगू का थोडक्यात? नको म्हटलं. स्वतंत्र वाचन हे माझं प्रिन्सिपल आहे.

९ मे

विरुपाक्षचा निरोप: मजकूर उद्या सकाळी पाहिजे.

समीक्षेसाठी आख्खं पुस्तक वाचायला लागतं का, यावर खूप विचार केला. लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्याकडे पूर्वीपासून मान्य आहे. शिवाय कव्हर आहे. नीट पाहिलं. घोड्यावर भरदार मिशांचा पुरुष, हातात भाला, मागे दगडी मुलांच्या रांगा. खाली लिहिलंय: आखाड्याचा धनी क्रूरसेन. हा नायक. घोड्यावर दुसरं कोण बसणार? दगडी मुलं म्हणजे त्याच्या स्वागतासाठी उभारलेली शिल्पं. नावावर जाऊ नये. आमच्या ऑफिसात एक शांताराम आहे, तो दिवसभर भांडतो.

परीक्षण एका बैठकीत उतरलं. मलाच नवल वाटलं.

१२ मे, शुक्रवार

छापून आलं. तिसऱ्या पानावर, चादरींच्या जाहिरातीच्या वर. शेवट उत्तम साधलाय: ‘क्रूरसेनासारखा शिस्तप्रिय आणि मुलांवर माया करणारा राजा नव्या पिढीपुढे आदर्श म्हणून ठेवल्याबद्दल लेखिकेचं अभिनंदन. सोलापुरातल्या प्रत्येक मुलाने त्याच्यासारखं व्हावं.’

चहाच्या आधी वाचलं, चहाबरोबर वाचलं, चहानंतर वाचलं. प्रभाने एकदाच वाचलं.

“अहो, तो मुलांना मारतो,” म्हणाली.

मी सांगितलं, शिस्त लावायची तर थोडं मारावं लागतं.

१५ मे

प्रतिसाद प्रचंड. गल्लीतल्या पोरांनी दारासमोर येऊन ‘क्रूरसेन मुर्दाबाद’ केलं. सोलापुरात पुस्तकावरून रस्त्यावर चर्चा होते आहे, हे बहुधा पहिल्यांदाच. पाटीवर कुणीतरी चिखल मारला. नेमका ‘मि’वर बसला, त्यामुळे चूक दिसत नाही.

विरुपाक्ष मात्र पडलेल्या चेहऱ्याने भेटला. शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणारी एक समिती आहे. हे पुस्तक घ्यायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. त्यांनी ‘रणशिंग’ वाचलं. पोरांना दगड करून मारणारा राक्षस आदर्श म्हणून देणारं पुस्तक शाळेत नको, म्हणून बाजूला ठेवलं. बाईंनी म्हणे शाळा, घर, सासूचं आजारपण सांभाळून सुट्ट्या-सुट्ट्यांत लिहिलं होतं. पोरांपर्यंत जायची तीच एक वाट होती.

मी म्हटलं, म्हणजे समिती मला वाचते.

रविवारी वाचनालयात मुलांचा कार्यक्रम आहे, बाई येणार आहेत, समितीचे जोशीसरही येणार आहेत, तुम्ही या, एवढंच विरुपाक्ष म्हणाला. सत्कार असणार. कोट उन्हात टाकायला सांगितला.

रात्री अर्धी भाकरी ताटातच राहिली. उन्हाळ्यात होतं असं.

१८ मे

निश्चय: रविवारच्या आत पुस्तक वाचायचंच. पण प्रभाने ते अंबुबाईंना दिलंय, अंबुबाईंनी त्यांच्या भाचीला, भाची गेली अक्कलकोटला. आता नाइलाज आहे. सत्काराला उत्तराचं भाषण तयार केलं. त्यात नम्रता जरा जास्त झाली, ती कमी केली.

प्रभा म्हणाली, मीही येते रविवारी. नवऱ्याचा मान बघावासा वाटणं साहजिक आहे.

२१ मे, रविवार, संध्याकाळ

सविस्तर लिहितो.

हॉल पोरांनी भरलेला. वर पत्रे. मी कोटात. यशोदाबाई किरकोळ अंगाच्या, चष्मा, आवाज हळू. मला नमस्कार करून विचारलं, पुस्तक वाचलंत का? मी म्हणालो, समीक्षक पुस्तक पारखतो. त्यांनी मान डोलावली. पटलं असावं.

हार दिसेना. विचारलं तर कळलं, आधी खेळ आहे. पुस्तकातलाच आखाडा. बाई गोष्टीतला प्रश्न विचारणार, चुकेल तो दगड होऊन स्टेजवरच्या खुर्चीत बसणार. पुस्तकात असं आहे की दगड झालेल्या माणसासाठी कुणी खरं रडलं तर तो सुटतो. म्हणून एका मुलीने चिरलेला कांदा आणला होता. पोरांना धीर यावा म्हणून मी पहिला उभा राहिलो.

प्रश्न: भुंग्या कुणाचा घोडा?

सोपा होता. कव्हर डोळ्यांपुढे होतं. क्रूरसेनाचा, म्हणालो.

हॉल एवढा हसला की पत्रे वाजले. भुंग्या रेवाचा. क्रूरसेनाने त्याला मारलं. मी दगड झालो.

जे करायचं ते मनापासून, हा माझा स्वभाव. बसलो तो हललो नाही. नाकावर माशी बसली, ती उठून कानावर गेली, परत नाकावर आली. कोटातून घाम पाठीवर, पाठीवरून खुर्चीवर. माझ्यानंतर बरीच पोरं चुकली, पण त्यांचे दोस्त कांदा डोळ्याला लावून त्यांना लगेच सोडवत होते. शेवटी स्टेजवर मी एकटाच दगड.

यशोदाबाईंनी विचारलं, “यांच्यासाठी कोण रडेल?”

कुणी उठलं नाही. कांदा हातोहात फिरत होता, तो एका पोराने खाली ठेवला. बाईंनी पुन्हा विचारलं. मला मान वळवता येत नव्हती, पण कडेच्या रांगेत कुणी उठल्याचा आवाज आला. प्रभा. मनात म्हटलं, अखेर.

ती माझ्याकडे आली नाही. तिथंच उभी राहून तिने पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली. लंगडा भुंग्या तीन पायांवर रेवाच्या पुढे कसा उभा राहिला, क्रूरसेनाचा भाला त्याने अंगावर कसा घेतला, पायापासून मानेपर्यंत कसा दगड होत गेला. रेवा रात्रभर रडली. पण रडून सुटायचा नियम माणसांसाठी होता, घोड्यासाठी कुणी केलाच नव्हता. मग रेवा परत आखाड्यात उतरली, जिंकायला नव्हे, नियम बदलायला. प्रभा भाकरीचं पीठ मळताना बोलते तशीच बोलत होती. पहिल्या रांगेत जोशीसरांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. पोरं रडत होती. अंबुबाई पदराने नाक पुसत होत्या. विरुपाक्षसुद्धा.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण दगड रडला तर चालतं का, हा नियम मला ठाऊक नव्हता, म्हणून आवरलं.

अडचण अशी झाली की सगळे घोड्यासाठी रडले. त्यात मी सुटलो की नाही, हे कुणी सांगितलं नाही. आभार झाले, सरबत झालं. सगळ्यांनी बाईंभोवती आणि प्रभाभोवती गर्दी केली. पोरं निघून गेली. मी बसून होतो. उठू शकलो असतो, नाही असं नाही. पण समीक्षकानेच नियम मोडला तर काय राहिलं?

वाचनालयाचा शिपाई सिद्धाप्पा खुर्च्या गोळा करायला आला.

“सायब, सोडा की खुर्ची,” म्हणाला.

ओठ शक्यतो न हलवता मी त्याला सांगितलं, मला अजून सोडवलेलं नाही, कुणीतरी रडायला पाहिजे. त्याने थोडा विचार केला.

“माझ्यानं न्हाई व्हायचं,” म्हणाला. “डोळ्यात औषध घातलंय. डाक्टरनं रडू नगं म्हनलंय.”

मग प्रभा आली. बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. वाटलं, आता येईल पाणी.

“उठा आता,” म्हणाली. “माझं सगळं रडणं त्या घोड्यापाशीच संपलं.”

घरी येताना ती आणि अंबुबाई पुढे, मी मागे. कोट हातावर. एक मात्र नोंदवून ठेवतो. दगड म्हणून मी चांगला होतो. एकदाही हललो नाही.

२६ मे, शुक्रवार

समितीने पुस्तक घेतलं. ‘रणशिंग’मध्ये बातमी आहे, फोटो आहे. फोटोत यशोदाबाई, प्रभा आणि माझा गुडघा. मजकुरात माझं नाव नाही, ‘दगडाच्या भूमिकेत एक हौशी गृहस्थ’ असं आहे. हौशी कशाला घातलं, कळत नाही.

विरुपाक्षने छापखान्यात बोलावलं. खाकी कागदात बांधलेलं नवं पुस्तक टेबलावर होतं. मी दोन्ही हात पुढे केले.

“वहिनींना द्या,” म्हणाला. “पुढल्या आठवड्यापासून सदर त्यांचं.”

पुस्तक घरी आणलं. वाटेत उघडलं नाही. प्रभाने हात पुसून घेतलं आणि खिडकीत बसून वाचायला लागली. चहाची वेळ झाली. टळून गेली. शेवटी मीच स्टोव्ह पेटवला. साखर कुठे असते, ते विचारावं लागलं. पानावरून नजर न काढता तिने सांगितलं. चहाची पूड कुठे, हे पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

साखरेचं गरम पाणी प्यालो.