दिवस मावळायच्या आत

११ डिसेंबर

शनिवारचा मजकूर राहिला. संपादकांचे फोन वाजत होते, उचलले नाहीत. वहिनीबरोबर देवळ्याच्या पलीकडे एका खेड्यात होते दिवसभर. जिल्ह्यातला जवान सीमेवर शहीद झाला की पुढचं सगळं लष्कराच्या कॅम्पकडे येतं, म्हणजे हल्ली आमच्या दादाकडे. दादा ब्रिगेडियर झाला तेव्हा पेढे वाटले होते आम्ही. हेही काम असतं त्यात, ते पेढ्यांच्या वेळी कुणी सांगत नाही.

संदीप नाव मुलाचं. बायको मनीषा, लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील. वडील, नाना. डोक्यावर टोपी, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नसलेला माणूस.

शाळेच्या मैदानावर दुपारपासून सगळे उभे, कारण मंत्रीमहोदय येणार. (पुढे नुसतं मं.म. लिहीन. एवढ्या लांब शब्दाला माझ्या पेनात शाई नाही.) तहसीलदार सारखे दादाकडे यायचे, ‘सर, निघालेत, पाचच मिनिटं.’ शेवटी दादा म्हणाला, ‘तुम्ही दुपारपासून पाच मिनिटांवरच आहात.’

ऊन डोंगरावर चढायला लागलं. मी नानांना पाणी द्यायला गेले होते तेव्हा ते दादाला म्हणाले, मी शेजारी उभी होते, ‘साहेब, दिवस चालला. मावळल्यावर आमच्यात अग्नी देत नाय. पोऱ्या रातभर असाच ऱ्हाईल का हो?’ दादानं एक शब्द विचारला नाही. टोपी सारखी केली आणि हुकूम दिला.

बंदुका. बिगुल. नानांनी अग्नी दिला तेव्हा उजेड होता अजून, थोडा.

मग गाड्या आल्या, दिवे फिरत. मं.म.च्या मागून दोघांनी उचललेलं पुष्पचक्र. चिता पेटलेली, आता ते ठेवायचं कुठे यावरून दोन पीए हळू आवाजात भांडत होते. मं.म. सरळ कॅमेऱ्यांकडे: ‘शहीद आमच्या मातीचा आहे. थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं? लष्करात ही मग्रुरी आली कुठून?’

एका पोरीनं माइक दादाच्या तोंडाशी धरला. दादा म्हणाला, ‘जवान वेळेवर आला होता. बाकीच्यांचं मला माहीत नाही.’

अख्ख्या नोकरीत पत्रकाराला ‘नमस्कार’ सोडून काही न बोललेला माणूस. येताना चांदवड मागे पडलं तेव्हा वहिनीनं गाडीची काच वर केली. मग म्हणाली, ‘आता बघ तू.’

१२ डिसेंबर

बघितलं. दूधवाल्यापासून सगळ्यांच्या फोनवर दादा. खाली ढोलकी लावलीय कुणीतरी. अंत्यविधीच्या चित्रफितीला ढोलकी.

मं.म.च्या पीएचा खुलासा आला: ‘नाशिकच्या द्वारका चौकातील वाहतूक कोंडीत ताफा अडकल्याने विलंब झाला.’ आणि मं.म.च्याच पानावर कालच्या दुपारचा फोटो, लासलगावच्या मार्केट यार्डात नव्या शेडची फीत कापताना. आता लासलगावहून देवळ्याला माणूस चांदवडवरून जातो. द्वारका लागायची तर आधी उलटं नाशकात यावं लागेल, तिथे अडकावं लागेल, आणि मग...

ताटात वाढून आलंय. एका बैठकीत लिहून टाकलं. पाठवलं. छान झोप येणार.

१३ डिसेंबर

‘द्वारकेमार्गे देवळा’ आला छापून. सकाळपासून फोन. ‘ताफ्याला वाटेत कुंभमेळा लागला, मुंबई लागली, दिल्ली लागली, फक्त देवळाच काय तो लागेना’ हे वाक्य तर रिक्षावाल्यानं मलाच ऐकवलं, मी कोण ते माहीत नसताना. संपादक: ‘ताई, आग आहे, आग!’ कॉलेज रोडच्या चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

दादाचा फोन संध्याकाळी. ‘वाचला. चांगला आहे.’ मग म्हणाला, ‘नंदू, तू लोकांना मंत्र्यांवर हसवलंस. आता त्यांना भांडावं लागेल.’

‘ते भांडतच होते की.’

‘नाही गं. चार दिवसांत विसरले असते. दुसरी फीत कापायला असती.’

१६ डिसेंबर

कॅम्पच्या रस्त्यावरच्या सर्कलवर फ्लेक्स लागलाय. दादाचा फोटो गणवेशातला, कुठून मिळवला देव जाणे, मागे वाघ. वर ‘जिल्ह्याचा स्वाभिमान’. खाली विरोधी पक्षाच्या इच्छुकांचे चेहरे, ज्यांपैकी एकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच फ्लेक्सवर उरकल्यात. दादा म्हणे त्या रस्त्यानं आता जात नाही. वळसा घालून जातो.

टीव्हीवर मिश्या पिळून बसलेले निवृत्त लष्करी साहेब एकीकडे, प्रवक्ते दुसरीकडे. ‘लष्कर श्रेष्ठ की लोकशाही?’ खाली पट्टी फिरतेय. नानांचं नाव कुणालाच नीट घेता येत नाही. एकानं आडनाव चुकवलं, दुसऱ्यानं गाव. संदीपचं नाव तर अख्ख्या चर्चेत एकदा आलं, तेही जाहिरातीच्या आधी, घाईत.

बघत राहिले. मीठ घातलंय का भाजीत ते आठवेना, दोनदा घातलं.

१८ डिसेंबर

दादाला वरून बोलावणं. चौकशी. सोमवारी, कॅम्पमध्येच. दोन आरोप. एक, परवानगीशिवाय माध्यमांशी बोलणं. ते बोललाच आहे. दुसरा, कुटुंबाची थांबण्याची इच्छा डावलून विधी उरकला.

डावलून!

वहिनीला म्हटलं, हा दुसरा टिकणारच नाही, मी स्वतः ऐकलंय नाना काय म्हणाले ते. वहिनीनं पहिल्यांदाच इतक्या दिवसांत श्वास सोडला.

१९ डिसेंबर

नानांची चित्रफीत आली. घरासमोर खुर्चीत बसवलंय, मागे मं.म.चे दोन कार्यकर्ते, हात पुढे बांधून, लग्नातल्या मामासारखे. नाना जमिनीकडे बघून: ‘आम्ही थांबाया तयार व्हतो. साहेबांनी घाई केली.’ एवढंच. परत लावून बघितली. ‘घाई’ म्हणताना थांबतात ते.

२० डिसेंबर

गेले. कुणाला न सांगता, एकटी गाडी घेऊन.

ओट्यावर नाना. मला बघून उठले, टोपी घातली. मनीषा चहा घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. रागानं काय काय बोलायचं ठरवून गेले होते. चहाच पीत बसले.

नानाच बोलले. ‘ताई, तुमचं लिहिणं पारावर वाचलं. लय हसले लोक. मना पोऱ्यानी राख गार नव्हती.’ माझ्या पोराची राख, म्हणजे.

म्हटलं, मी मंत्र्यावर लिहिलं होतं, नाना.

‘ते हाय. पन हसले ते मना दारात हसले.’

मग मं.म.ची माणसं आली, नाना सांगत होते. पेपर बरोबर आणला होता. मंत्रीसाहेबांचा लय अपमान झालाय म्हणाले. मनीषाच्या तालुक्याच्या कचेरीतल्या नोकरीचा कागद सहीला पडलाय, सही व्हायचीच आहे, तुम्ही फक्त एवढं बोला. दमदाटी नाही. पाया पडले जाताना, म्हणे.

‘तुमच्या भावानी मना ऐकलं, ते मला ठाऊक हाय. त्यांनी नसतं ऐकलं तर मी आजबी झोपलो नसतो. पन सूनबाईचं आख्खं आयुष्य पुढं पडेल शे, ताई. आनि मला आठेच ऱ्हावानं शे.’ मला इथंच राहायचंय. मान खाली घालून म्हणाले, जसं काही इथं राहणं हा त्यांचा गुन्हा आहे.

मनीषा दारातून म्हणाली, ‘मला कुणी विचारलंच नाही. ना त्यांनी, ना ह्यांनी.’ आणि कप घेऊन आत गेली.

निघताना नाना गाडीपर्यंत आले. ‘साहेबांना सांगा...’ हात काचेवर तसाच.

२१ डिसेंबर

कॅम्पात जेवायला. दादा आणि वहिनी मटार सोलत बसले होते. मी देवळ्याचं सगळं सांगितलं. वहिनीनं शेंग खाली टाकली. ‘झालं तर मग! हिनं कानांनी ऐकलंय. उद्या ही येईल, सांगेल.’

दादा: ‘हुकूम कुणी दिला, नंदू?’

‘तू.’

‘मग झालं.’

‘नाना म्हणाले म्हणून दिलास.’

‘ते माझ्यात आणि नानांच्यात. हुकूम देणारा मागं वळून बोट दाखवत नाही. तेही मुलगा गेलेल्या बापाकडे?’ मटार सोलणं चालूच. ‘शिवाय निर्णय बरोबर होता. वाक्य चूक होतं. त्याची शिक्षा मला पाहिजेच.’

मी म्हटलं, अरे, तो खोटं बोलला, उशिरा आला, आणि शिक्षा तुला? म्हणाला, ‘उशिरा येऊ दे, खोटं बोलू दे. तरी तो वर आणि मी खाली, हे राहिलं पाहिजे. वर्दीतल्या माणसानं कॅमेऱ्यासमोर मंत्र्याला टाकून बोलायचं नसतं. आज लोकांनी टाळ्या वाजवल्या. उद्या माझ्या जागी एखादा हलकट असेल, त्यालाही वाजवतील. तुझं वेगळं आहे. तुला हक्क आहे.’

‘मी वापरला हक्क. काय झालं बघतोयस ना.’

‘बघतोय,’ म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

वहिनी उठली. ‘तुमचं तत्त्व रिटायर झाल्यावर लोणच्यासारखं मुरवत बसा. रोज वाढीन ताटात!’ आणि स्वयंपाकघरात. मी मागोमाग. तिनं नळ सोडला, त्याच्या आवाजात: ‘तू लिही. त्यांना विचारू नकोस.’

‘आणि मनीषा?’

‘मला तिचं काही वाटत नाही असं वाटतं का तुला? दिवसभर तिचा हात धरून बसले होते मी. तिचा गेला. माझा आहे तो तरी ताठ मानेनं घरी येऊ दे.’

घरी येताना संपादकांना फोन केला, नको ते बोलून बसले. ते एकदम ताठ: ‘बाप असं म्हणाला, तुम्ही स्वतः ऐकलंत? ताई, पहिलं पान. आठपर्यंत द्या.’

लिहिलं. सात ओळी. एकही विनोद नाही, एकही टोमणा नाही, नुसतं कोण कुठे उभं होतं आणि काय म्हणालं. इतकं वाईट मी कधीच लिहिलं नव्हतं, आणि इतकं खरंही. आठ वाजले. संपादकांचा फोन वाजला, वाजू दिला. पाठवलं नाही. फाडलंही नाही.

ह्याला सभ्यपणा म्हणायचं की भित्रेपणा, ते ठरवायला दुसरं कुणीतरी पाहिजे. मला दोन्हीची किंमत सारखीच पडते.

२२ डिसेंबर

सकाळीच वहिनीचा फोन: ‘गेटवर नाना आलेत! एकटेच, पहिल्या एसटीनं. जवानाला सांगतायत, साहेबांच्या चौकशीत बोलायचंय. तो सोडत नाही. तू ये, माझं नाव सांग आणि त्यांना आत घेऊन जा. नंदू, ऐकतेयस ना? ते स्वतःहून आलेत.’

चप्पल घालतेय तोवर दादाचा फोन. आवाज नेहमीचा. ‘नाना आलेत बाहेर. त्यांना चहा पाज, काहीतरी खायला घाल आणि स्टँडवर सोड. ते आत येऊन बोलले तर मनीषाचा तो कागद सहीविना तसाच राहील.’

‘ते त्यांचं त्यांना कळत नाही का? इतक्या लांबून आलेत ते काय उगाच?’

‘कळतं. म्हणूनच आलेत. तूच सोड त्यांना, दुसऱ्या कुणाबरोबर जाणार नाहीत.’

‘आणि मनीषाला ठाऊक आहे का?’

‘ते मला माहीत नाही.’ मग म्हणाला, ‘मी आत चाललोय. फोन बंद करतोय.’ आणि केला.

मी गेटसमोर, गाडीत. हे मांडीवर लिहितेय, अक्षर बघ कसलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना काय करायला हवं होतं ते दर शनिवारी सांगत आले.

नाना पलीकडे टपरीच्या बाकावर. धुतलेला सदरा. टोपी काढून मांडीवर ठेवलीय, पिशवी पायांच्या मधे. चहा घेतलाय, प्यायलेला दिसत नाही. गेटवरचा जवान त्यांच्याकडे बघायचं टाळतोय, मुलगाच आहे, संदीपच्या वयाचा असेल. वहिनीचा फोन परत वाजतोय. चौकशी एव्हाना सुरू झाली असेल.

गाडी ओळखली त्यांनी. उठले. टोपी घातली. कपाळावर हात आडवा धरून बघतायत, मीच का ते. आता येतील आणि विचारतील, ताई, कुठून जायचं आत? एवढंच विचारतील. दुसरं काही विचारायचं नाहीये त्यांना, ते घरून ठरवून आलेत.

काच खाली केलीय मी. रस्ता ओलांडायला निघाले. मधे ट्रक आलाय एक, तो जाऊ देतायत.