अधिक दोनचा नंबर

प्रिय चिमणे,

हे पत्र मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. पुढील मजकुरावरून तुझा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. लोकांच्या नाकावर चष्मे चढवण्यापलीकडे आजन्म कोणतीही कलासेवा न केलेला तुझा बाप पियानो शिकतो आहे. दुपारी दुकान बंद असते तेव्हा मागच्या गल्लीतल्या संगीताच्या बाईंकडे जातो. त्यांना मी दुहेरी भिंगांचा चष्मा करून दिला होता. त्याचा सूड त्या आता उगवत आहेत. घरात आईसारखी शिक्षिका असताना बाहेर शिकवणी कशाला, असे तू विचारशील. त्यावर येतोच.

मला सगळा पियानो नकोच आहे. तू शाळेत असताना आईने तुझ्याकडून घोटून घेतलेला तो एक तुकडा, त्यातही केवळ उजव्या हाताचा भाग, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. परंतु त्याच्या स्वरलिपीतल्या पाच रेघांच्या आरंभी दोन शार्पची चिन्हे द्वारपालांसारखी उभी आहेत. शार्प स्वर चढवतो, फ्लॅट उतरवतो, एवढे ज्ञान बाईंनी दिले. मी तत्काळ शास्त्रीय अनुमान काढले : एक अधिक, दुसरा उणे, म्हणजे दोन शार्प हा अधिक दोनचा नंबर. त्या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्वर दोन पट्ट्या वर सरकवून मी अख्खा तुकडा निष्ठेने वाजवला. बाई डोळे मिटून होत्या. मला वाटले, तल्लीन झाल्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, हे नक्की कुणाचं वाजवलंत?"

तर ती चिन्हे फक्त एफ आणि सी या दोन स्वरांपुरती असतात. मात्र पानभर, हे दोघे जिथे जिथे भेटतील तिथे. आरंभी एकदा सांगायचे आणि शेवटपर्यंत पुन्हा अवाक्षर काढायचे नाही, ही कुठली रीत? निदान प्रत्येक स्वरापाशी पाटी तरी लावावी, अशी मी सूचना केली. "चष्मा एकदाच लावता ना, की दर अक्षराला?" हे त्यांचे उत्तर. माझ्याच धंद्यात मला गप्प केले. शिवाय एकच काळी पट्टी कधी एफ-शार्प, कधी जी-फ्लॅट. मीही घरात कुणाचा बाबा, कुणाचा 'अहो' आहे, हे मान्य. पण हाक ऐकून मी निदान गोंधळतो तरी.

आता मुख्य विषय. तू गेल्या वेळी येऊन गेलीस, त्यानंतर आईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणे सावरले, उजवा हात उठला नाही. व्हिडिओ कॉलवर ती शाल पांघरून बसते, ते थंडीसाठी नव्हे. 'लेकीला कळवायचं नाही,' असे तिने आरंभीच एकदा बजावले, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोललेले माझे प्रत्येक वाक्य त्याच चिन्हाखाली आहे.

रोज संध्याकाळी ती डाव्या हाताने तो तुकडा वाजवते, स्टुलाची उजवी बाजू मोकळी ठेवून. काल मी तिथे जाऊन बसलो. एफ चुकला. "शार्प," ती म्हणाली, मान न वळवता, अगदी तुला म्हणायची तशी. पुन्हा चुकला, पुन्हा म्हणाली. मग तिने वाजवायचे थांबवून दाराकडे पाहिले.

तू ये. कुणी सांगितले, असे ती विचारेलच. माझे नाव खुशाल सांग. ओरडा खाण्याचा मला सराव आहे, उजव्या हाताचा नाही.

तुझाच,
उजव्या बाजूचा हंगामी वादक,
बाबा