बानित्सा सिरेनोवा, वय शून्य

८ जानेवारी, गुरुवार

१९ डिसेंबरला याच वहीत लिहिलंय — "बटण झोर्नित्साने दाबलं, मी दाराशी उभी होते." साफ खोटं! दाराशी झोर्नित्सा होती. बटण मी दाबलं. जी वही कुणी वाचणार नाही तिच्यातही मी खोटं लिहिते, म्हणजे कमालच.

तर पुन्हा, नीट. सुट्टीआधी आमच्या एक्स-रे तंत्रज्ञांच्या वर्गात नव्या वर्षाची बानित्सा कापायची होती. पातळ पदरांची, आत सिरेने चीज आणि लपवलेलं एक नाणं. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष चांगलं. झोर्नित्सा म्हणाली, "नाणं करास्तोयानोवाबाईंनाच जायला हवं. खूश झाल्या तर तोंडी परीक्षेत जरा हात सैल सोडतील. आणि एक्स-रेचं यंत्र समोर आहे की गं, येडे!"

मी नाही म्हटलं. दहा मिनिटांनी ताट टेबलावर मधोमध मीच ठेवत होते.

यंत्राला रुग्णाचं नाव लागतं. टाकलं — बानित्सा सिरेनोवा, स्त्री, वय शून्य. भाग — पोट. नाणं लख्ख दिसलं, डावीकडे, कडेपासून चार बोटं! आणि मग वर्गात दारवाल्या स्तोइलकाकांनी ताट ठेवताना फिरवलं. नाणं त्यांनाच. बाईंना नुसतं चीज.

९ जानेवारी, शुक्रवार

हसू जिरलं. सुट्टीत साठलेले एक्स-रे वाचताना आमच्या डॉक्टरांनी बानित्साबाईंचाही अहवाल लिहिला — "पोटात धातूची गोल वस्तू. मणका आढळत नाही. रुग्णास तातडीने बोलवावे." ते मुद्दाम लिहिलं की झोपेत, देव जाणे. अहवाल करास्तोयानोवाबाईंकडे गेला.

शिक्षक खोलीत नसताना विद्यार्थ्याने बटण दाबायचं नाही. दाबलं तर वर्ष गेलं. पहिल्या दिवशी याच नियमाखाली आमच्या सह्या घेतल्या होत्या.

आणि एक्स-रेवर तो काढणाऱ्याची खूण आहे! शिशाची, "झो. पे." — झोर्नित्सा पेएवा. प्रत्येकीची आपापली असते. माझी त्या दिवशी कपाटात राहिली होती. खुणेशिवाय बटण दाबायला माझा हात होईना — बाबांनी स्वयंपाकघरात बटाटे मांडून शिकवलंय, बिनखुणेचा फोटो म्हणजे बिननावाचा माणूस. म्हणून झोर्नित्साच्या खिशातली घेतली. बानित्सेसाठी! एवढी काटेकोर मी.

बाईंनी तिला बोलावलं. परत आली ती शिट्टी वाजवत. "मी म्हटलं, होय, मीच. आधीच दोन विषय राहिलेत माझे, आणखी एक पाप. तू गप्प बस. तुझ्या बाबांना कळलं तर छातीत कळ येईल त्यांच्या."

गप्प बसले.

१० जानेवारी, शनिवार

कार्लोवोला, घरी. बाबा एकतीस वर्षं तिथल्या रुग्णालयात एक्स-रे काढतात. आणि तो फोटो त्यांच्या मोबाईलवर! देशातल्या निम्म्या तंत्रज्ञांकडे पोचलाय म्हणे. जेवताना समोर धरला.

"बघ. ताटाबाहेर बोटभरही किरण सांडलेला नाही. खूण सरळ, कशावर चढलेली नाही. ही पोरगी कुणीतरी नीट शिकवलेली दिसते."

"असेल," मी म्हटलं.

"वर्ष जाईल तिचं. झो. पे. म्हणजे तुझ्या वर्गातली पेएवा ना? वाईट वाटतं."

"हं."

"मीठ दे."

मीठ दिलं. सांडलं.

११ जानेवारी, रविवार

दिवसभर मनात वकिली चालू. झोर्नित्सा स्वतःहून म्हणाली. कल्पना तिचीच. दाराशी ती होतीच. सगळं खरं — आणि तरी पटत नाही.

एकच आठवतं. गेल्या महिन्यात तिने एका म्हातारीचा खांदा किती हळू फिरवला होता. म्हातारी कण्हली नाही, उलट तिला नवरा बघायला निघाली! मला तसं कधी जमलेलं नाही. माझं सगळं मोजून-मापून.

१२ जानेवारी, सोमवार

झोर्नित्साची चौकशी बुधवारी दहाला.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, एका दमात. मग म्हणाले, "शनिवारी मीठ मागितलं, तेव्हाच सांगशील असं वाटलं होतं."

उद्या, मंगळवार, १३ जानेवारी. सकाळी साडेसातला, बाईंच्या दाराशी.